मोटारीसाठी जीपीएस यंत्र निवडताना: बेळगाव सीमाभागातील वाहनधारकांसाठी

बेळगावहून चंदगडच्या वाटेने निघालेली मोटार शिनोळीला पोहोचते तेव्हा ती महाराष्ट्रात शिरलेली असते. खानापूर, लोंढा करीत पुढे गेली, तर अनमोड घाट उतरताना ती गोव्यात असते, आणि निपाणीहून कागलकडे वळली तर कोगनोळीचा टोलनाका मागे पडताच पुन्हा महाराष्ट्र सुरू होतो. आपल्याकडच्या माणसाला यात विशेष काही वाटत नाही, कारण सोयरीक, बाजार, दवाखाना आणि देवदर्शन यांसाठी या हद्दी तो लहानपणापासून ओलांडत आला आहे. मोटारीत बसवायचे वाट दाखवणारे यंत्र विकत घेताना मात्र ही बाब सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. पुण्या-मुंबईच्या ग्राहकासाठी लिहिलेल्या सल्ल्यांत पडद्याचा आकार, बॅटरी आणि किंमत यांचीच चर्चा असते. सीमाभागातील वाहनधारकाने यंत्र कोणते हा प्रश्न मागे ठेवून त्यातला नकाशा कोणता, कुठवरचा आणि केव्हाचा हा प्रश्न पुढे घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानात जाण्यापूर्वी एक घोटाळा टाळावा. आपल्याकडे नुसते ‘गाडीचे जीपीएस’ मागितले, तर अनेक दुकानदार सिमकार्ड घातलेली एक लहानशी डबी पुढे करतात. ती डबी गाडी कोठे आहे हे मालकाच्या फोनवर कळवते. चालकाला वाट दाखवत नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकाचे असेच स्थाननिदर्शक यंत्र आवश्यक करण्यात आले, त्यामुळे टॅक्सी आणि बसवाल्यांच्या तोंडी जीपीएस म्हणजे हीच डबी असते. आपल्याला हवे आहे ते पडदा असलेले, नकाशा पोटात बाळगणारे आणि वळण आले की बोलून सांगणारे यंत्र. गार्मिन किंवा मॅपमायइंडिया यांसारख्या कंपन्यांच्या नावाने ते बहुतेकांना ठाऊक आहे.

वेगळे यंत्र खरोखर हवे आहे का?

हा प्रश्न विचारणे गैर नाही, कारण बऱ्याच जणांना त्याचे उत्तर ‘नाही’ असे मिळेल. टिळकवाडीत राहून शहापूर, वडगाव, कॅम्प आणि फार तर हुबळी-धारवाडपर्यंत जाणाऱ्या माणसाचे काम हातातल्या फोनवर उत्तम होते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर मोबाईलची रेंज बहुतेक ठिकाणी असते, आणि रहदारी कोठे तुंबली आहे हे फोनला जितके ताजे कळते तितके वेगळ्या यंत्राला स्वतःच्या बळावर कळत नाही. त्यालाही ती माहिती इंटरनेटवरूनच घ्यावी लागते, म्हणजे पुन्हा फोनची जोड आलीच. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सुवर्ण विधानसौधच्या परिसरात वाहतूक वळवली जाते तेव्हा किंवा गणेश विसर्जनाच्या रात्री शहरात असे ताजे ज्ञान उपयोगी पडते. ज्यांच्या गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले (फोनमधला नकाशा गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी) चालणारा पडदा आधीच आहे, त्यांनी तर वेगळ्या यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

वेगळ्या यंत्राची बाजू भक्कम होते ती पश्चिमेकडच्या रस्त्यांवर. जांबोटी ओलांडून कणकुंबी आणि चोर्ला घाटाकडे जाताना, भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत, तसेच लोंढ्यापलीकडच्या जंगलात फोनची रेंज लांबच्या लांब टप्प्यांत नाहीशी होते. अशा ठिकाणी फोनमधील नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल, तर पडद्यावर करड्या रंगाची रिकामी पाटी आणि तिच्यावर एक निळा ठिपका एवढेच उरते. वेगळ्या यंत्रात संपूर्ण नकाशा मुळातच साठवलेला असतो, त्यामुळे रेंज असली काय आणि नसली काय, ते आपले काम करीत राहते. दुसरे असे की, यंत्र वाट दाखवत असताना फोन मोकळा राहतो. घाटात ऐन वळणावर फोन वाजला म्हणून नकाशा झाकला जात नाही. गाडीवर वेगवेगळे चालक असलेल्या व्यापाऱ्यांना, फोनचे मेनू हाताळण्याचा कंटाळा असलेल्या वडीलधाऱ्यांना आणि मालवाहू वाहनांच्या मालकांनाही स्वतंत्र यंत्र सोयीचे पडते.

या दोहोंच्या मधला एक मार्गही आहे, आणि तो स्वस्त आहे. घरात पडून असलेला जुना पण चांगल्या अवस्थेतला स्मार्टफोन घ्यावा, त्यात नकाशे उतरवून ठेवावेत आणि तो कायमचा गाडीच्या कामाला लावावा. स्थान कळण्यासाठी सिमकार्डाची गरज नसते. मात्र येथे सीमाभागाची खास अडचण येते. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ मध्ये सुरू झालेल्या मुक्त नकाशावर चालणारी ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप्स भारताचा नकाशा राज्यवार तुकड्यांत देतात. बेळगावच्या माणसाने फक्त कर्नाटकाचा तुकडा उतरवला, तर शिनोळीच्या पुढे त्याच्या नकाशातले रस्ते संपतात. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा असे तिन्ही तुकडे उतरवावेत. बिदर आणि भालकीकडच्या मंडळींनी गोव्याऐवजी तेलंगणाचा घ्यावा. गुगल मॅप्समध्ये राज्याची अट नसून आपण आखलेला चौकोन उतरतो, म्हणून तो चौकोन आखताना बेळगाव मध्यभागी न ठेवता सावंतवाडी, पणजी, कोल्हापूर आणि मिरज आत येतील असा ओढावा. हे उतरवलेले भाग ठरावीक मुदतीनंतर बाद होतात, त्यामुळे दूरच्या प्रवासाच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर ते ताजे करून घेणे बरे.

नकाशाची परीक्षा

वेगळे यंत्र घ्यायचे ठरलेच, तर दुकानात यंत्र हातात घेऊन पुढील परीक्षा घ्यावी. विक्रेत्याला त्याची घाई झालेली दिसली तरी ती सोडू नये.

पहिली परीक्षा नावांची. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे अधिकृतरीत्या बदलली. त्यात बेळगावी, हुबळ्ळी, विजयपुर आणि कलबुर्गी ही नावे आली. यंत्रातला नकाशा त्याआधीचा असेल, तर त्याला ‘बेलगाम’ या इंग्रजी स्पेलिंगखेरीज दुसरे काही ओळखीचे नसते. नव्या नकाशात उलट अडचण संभवते. चांगल्या यंत्राने जुने आणि नवे, दोन्ही नाव टाकले तरी त्याच शहरात नेले पाहिजे. निपाणी एका ‘पी’ने आणि दोन ‘पी’ने लिहून पाहावी, गडहिंग्लज आणि सौंदत्ती यांची स्पेलिंगे दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावीत. त्यानंतर ‘खानापूर’ टाकावे. सांगली जिल्ह्यातही खानापूर आहे आणि तेथील तालुक्याचे मुख्य ठिकाण विटा आहे. यंत्र दोन्ही गावे जिल्ह्याच्या नावासह वेगवेगळी दाखवते का, की गुपचूप एक निवडून मोकळे होते, हे पाहून घ्यावे. बोरगाव, चिंचली, हलगा अशी एकाहून अधिक ठिकाणी आढळणारी नावे याच कामासाठी वापरता येतील.

दुसरी परीक्षा हद्दीपलीकडच्या वाटेची. बेळगाव ते सावंतवाडी, बेळगाव ते पणजी, अथणी ते मिरज, निपाणी ते इचलकरंजी, हे चार मार्ग यंत्राला विचारावेत. सावंतवाडीला जाण्यासाठी ते आंबोली घाटाची वाट सुचवते की चोर्ल्याने गोव्यात उतरवून परत वर नेते, हे पाहिले म्हणजे त्याच्या हिशेबाची कल्पना येते. पणजीसाठी चोर्ला आणि अनमोड अशा दोन सरळ वाटा आहेत. चांगले यंत्र दोन्ही दाखवून निवड आपल्यावर सोपवते. अथणीहून मिरजेला जाताना कागवाडच्या पुढे राज्य बदलते. तेथे रेषा तुटलेली दिसली, किंवा हद्दीच्या अलीकडे बारीकसारीक रस्ते आणि पलीकडे फक्त मुख्य रस्ता अशी विषमता दिसली, तर तो नकाशा आपल्या कामाचा नाही.

तिसरी परीक्षा घराच्या पत्त्याची. आपले कितीतरी पत्ते ‘आरपीडी क्रॉसजवळ’, ‘शनिवार खुटाच्या मागे’ किंवा ‘फाट्यापासून आत, मळ्यातली वस्ती’ अशा स्वरूपाचे असतात. घरक्रमांक आणि रस्त्याचे नाव मागणाऱ्या परदेशी घडणीच्या यंत्राला ते टाकता येत नाहीत. म्हणून यंत्रात अक्षांश-रेखांश टाकण्याची सोय असलीच पाहिजे, आणि ती कोणत्या पद्धतीने टाकायची हे विक्रेत्यासमोर पाहून घ्यावे. बेळगाव शहर दशांश पद्धतीने साधारण १५.८५ उत्तर, ७४.५० पूर्व येथे आहे. तेच अंश-मिनिटांत १५ अंश ५१ मिनिटे आणि ७४ अंश ३० मिनिटे असे होते. पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला दशांशातला आकडा मिनिटांच्या रकान्यात भरला, तर यंत्र तो नाकारते किंवा कित्येक किलोमीटर दूर नेऊन सोडते. मॅपमायइंडियाच्या नकाशात प्रत्येक ठिकाणाला सहा अक्षरांचा मॅपल्स पिन असतो. वस्तीवरच्या घरासाठी तो लांबलचक आकड्यांपेक्षा सोपा पडतो.

नकाशा अद्ययावत कसा होतो आणि त्याचे पैसे किती काळ द्यावे लागत नाहीत, हे बिल करण्यापूर्वी लेखी पाहावे. खोक्यावर ‘आजीवन नकाशे’ असे छापलेले असते. त्यातले आयुष्य कंपनी त्या यंत्राला नकाशे पुरवते तोवरचेच असते. कागल ते बेळगाव या पट्ट्यात चौपदरी महामार्ग सहापदरी करण्याचे काम हाती घेतल्यापासून वळणे, सेवारस्ते आणि पुलांची तोंडे बदलत आली आहेत. दोन-तीन वर्षे जुना नकाशा संकेश्वरजवळ चालकाला नसलेल्या वळणावर वळायला सांगू शकतो. अद्ययावत करण्यासाठी संगणक लागतो की यंत्र थेट वायफायवरून नकाशा घेते, हाही मुद्दा आहे. ज्या घरात संगणक नाही तेथे वायफायवाले यंत्र घ्यावे, नाहीतर पहिला नकाशा हाच शेवटचा नकाशा ठरतो.

उपग्रहांविषयी, गरजेपुरते

विक्रेते उपग्रहांच्या नावांची मोठी यादी वाचून दाखवतात, म्हणून तिचा अर्थ थोडक्यात समजून घेतलेला बरा. जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. सामान्य वापरासाठीच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि मोटारीला गल्ली दाखवण्याइतकी अचूकता तेव्हापासून सर्वांच्या हाती आली. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. जागा नक्की करण्यासाठी त्यांपैकी किमान चार एकाच वेळी ‘दिसावे’ लागतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या तशाच व्यवस्था आहेत. यंत्र जितक्या व्यवस्था वापरू शकेल, तितके चार उपग्रह लवकर सापडतात. घाटात एका बाजूला कडा आणि डोक्यावर झाडी असते, तेव्हा हा फरक जाणवतो.

भारताच्या स्वतःच्या व्यवस्थेला २०१६ मध्ये ‘नाविक’ हे नाव मिळाले. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला होता. सुरुवातीच्या नाविक उपग्रहांचे संदेश मोटारीतल्या साध्या यंत्रांना परिचित असलेल्या एल-१ या लहरीवर नसून एल-५ वर येतात; २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून एल-१ वरही प्रसारण सुरू झाले. म्हणून खोक्यावर नाविकचे नाव असले, तर ते यंत्र एल-५ लहर पकडते का हे विचारावे. एल-१ आणि एल-५ या दोन्ही लहरी वापरणारे यंत्र किंवा फोन उंच इमारतींवर आणि कड्यांवर आपटून आलेले फसवे संदेश अधिक चांगले ओळखतो. निव्वळ नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मात्र नाही.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत असते. महामार्ग आणि त्याला चिकटून धावणारा सेवारस्ता यांतले अंतरही कित्येकदा एवढेच असते, त्यामुळे आपण नेमके कोणत्या रस्त्यावर आहोत हे ओळखण्यात यंत्र कधी कधी चुकणारच. अशा वेळी पुलाखालून जायचे की वरून, हे डोळ्यांनी ठरवावे.

पावसात जीपीएस चालत नाही, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती बरोबर नाही. ढग आणि पाऊस या लहरींना फारसे अडवत नाहीत. अडवतात ते डोंगराचे कडे आणि भिजून जड झालेली दाट पालवी. आंबोलीच्या धुक्यात वीस पावलांपुढचे दिसत नसताना यंत्र आपली जागा बिनचूक दाखवत असते, आणि नेमका तेथेच त्याच्यावर अतिविश्वास बसण्याचा धोका असतो, कारण रस्त्यावर पडलेली दरड किंवा समोरून आलेला ट्रक त्याला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवास येते. अनेक दिवस बंद असलेले यंत्र सुरू केले, की त्याला उपग्रहांची ताजी माहिती खुद्द उपग्रहांकडूनच घ्यावी लागते. एका उपग्रहाची नेमकी स्थिती सांगणारा मजकूर दर तीस सेकंदांनी पुन्हा येतो, तर सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. फोन हीच माहिती मोबाईलच्या जाळ्यातून क्षणात घेतो, म्हणून तो चपळ वाटतो. रेंज नसेल तेथे त्याची ती चपळाई जाते. घरासमोर, आकाश मोकळे असताना यंत्र सुरू करून जागा धरू द्यावी आणि मगच गाडी काढावी. जांबोटीच्या पुढे झाडीत थांबून पहिल्यांदा यंत्र चालू करणे म्हणजे उगाच वाट पाहणे आहे.

पडदा, आवाज आणि बसवण्याची जागा

पडद्याच्या बाबतीत पाच इंच पुरेसे, सहा-सात इंच आरामशीर, असा साधा हिशेब ठेवावा. लहान मोटारीच्या काचेवर सात इंची पडदा रस्त्याचा तुकडाच झाकतो. आकारापेक्षा उजळपणा महत्त्वाचा आहे. दुकानाच्या आत सगळेच पडदे छान दिसतात, म्हणून यंत्र दारात उन्हात नेऊन पाहावे. एप्रिलच्या दुपारी अथणी-चिक्कोडीच्या रस्त्यावर जे वाचता येईल तेच खरे. जुन्या धर्तीचे पडदे जोराने दाबावे लागतात, नवे हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देतात. चालत्या गाडीत शेजारच्या माणसाने पत्ता बदलायचा तर नवेच हवेत.

यंत्र मराठीतून बोलते का, हे ऐकूनच घ्यावे. गुगल मॅप्सच्या सूचना मराठीत मिळतात. स्वतंत्र यंत्रांतली काही फक्त ‘पुढे डावीकडे वळा’ एवढे सांगतात, तर काही रस्त्याचे आणि गावाचे नावही उच्चारतात. दुसऱ्या प्रकारची यंत्रे आपली गावे इंग्रजी वळणाने वाचतात आणि येळ्ळूरचे काहीतरी भलतेच ऐकू येते. नाव गमतीदार ऐकू आले तरी वळण वेळेत सांगितले, तर ते यंत्र चालण्याजोगे समजावे. कर्नाटकात रस्त्यावरच्या बऱ्याच पाट्या फक्त कन्नडमध्ये असतात. कन्नड वाचता न येणाऱ्या पाहुण्यांना किंवा कोल्हापूरहून येणाऱ्या चालकाला रस्त्याचे नाव बोलणारे यंत्र अधिक उपयोगी पडेल.

बॅटरीच्या आकड्यांवर वेळ घालवू नये. या यंत्रांची बॅटरी साधारण तासाभराच्या आसपासच चालते, आणि ते मुळातच गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालवायचे असते. ट्रक आणि बसमध्ये वीज २४ व्होल्टची असते. तेथे लावायचे असेल, तर चार्जरवर १२ ते २४ व्होल्ट असे छापलेले आहे की नाही हे पाहावे, नाहीतर पहिल्याच दिवशी चार्जर जळेल. जुन्या यंत्रांना मिनी-यूएसबीची तार लागते आणि ती आता कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळत नाही; नव्या यंत्रात सी प्रकारची जोड असेल तर बरे.

काचेला चिकटणारा रबरी वाटीचा स्टँड सर्वांत सोपा असतो. उन्हाळ्यात त्याची पकड सुटते, तेव्हा वाटी आणि काच ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून पुन्हा बसवावी. जागा निवडताना यंत्र काचेच्या खालच्या कडेला, चालकाच्या नजरेत पण रस्त्याच्या आड येणार नाही असे लावावे, आणि एअरबॅग उघडते त्या जागेसमोर काहीही लावू नये. समोरच्या काचेत धातूचा मुलामा असेल, किंवा तिच्यावर धातूमिश्रित फिल्म लावलेली असेल, तर संदेश क्षीण होतात. मग यंत्र बाहेर चांगले आणि गाडीत आंधळे, असा अनुभव येतो. गाडी उन्हात उभी करताना यंत्र काढून सोबत न्यावे. बंद गाडीतली उष्णता लिथियम बॅटरीला घातक असते, आणि गणपत गल्लीत किंवा मध्यवर्ती बसस्थानकाजवळ काचेला लटकणारे यंत्र चोराला आमंत्रण देते.

कायद्याचीही नोंद असू द्यावी. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार हातात धरायच्या उपकरणाचा वापर केवळ वाट पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. म्हणजे पत्ता टाकायचा तो गाडी उभी असताना.

दुसऱ्याच्या हातचे यंत्र

परदेशातल्या नातेवाइकांनी वापरून दिलेली किंवा ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणारी यंत्रे आपल्याकडे बरीच फिरतात. ती घेण्यापूर्वी दोन बाबी तपासाव्यात. एक म्हणजे, त्यात भारताचा नकाशा आहे का. अमेरिकेत किंवा युरोपात घेतलेल्या यंत्रात तो नसतो, आणि वेगळा विकत घ्यायचा तर यंत्राहून महाग पडू शकतो. दुसरी बाब तारखेची. जीपीएसमध्ये आठवडे मोजण्याचा जुना आकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असे २१ ऑगस्ट १९९९ आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडले, आणि पुढचे नोव्हेंबर २०३८ मध्ये घडेल. ज्या जुन्या यंत्रातली अंतर्गत आज्ञावली त्यासाठी सुधारलेली नाही, ते जवळपास वीस वर्षे मागची तारीख दाखवते, पोहोचण्याची वेळ चुकवते आणि उपग्रह शोधताना अडखळते. म्हणून यंत्र मोकळ्या जागी सुरू करून त्यावरची तारीख आजची आहे का, एवढे पाहावे. ती चुकीची असेल आणि कंपनीने सुधारणा दिलेली नसेल, तर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

नवे यंत्र घेतानाही दुरुस्ती केंद्र कोठे आहे हे विचारावे. पुणे किंवा बंगळूरला पार्सल करावे लागणार असेल, तर तो खर्च कोणाचा हे बिलावर लिहून घेतलेले चांगले.

घरी आणल्यावरच्या मांडणीत

यंत्र निवडताना आणि मग पहिल्यांदा मांडताना त्यातल्या मार्गनिवडीच्या सोयी नीट पाहाव्यात, कारण आपल्या भागात खरा फरक तेथेच पडतो. ‘सर्वांत जवळचा मार्ग’ हा पर्याय बंद करून ‘सर्वांत लवकरचा’ ठेवावा. जवळच्या वाटेच्या नादात यंत्र तिलारी घाटासारख्या तीव्र उताराच्या रस्त्याला लावते. सवय नसलेल्या चालकाने पावसाळ्यात तो टाळलेला बरा. ‘कच्चे रस्ते टाळा’ ही सूचना कायम चालू असावी. ‘टोल टाळा’ मात्र विचारपूर्वक वापरावी; ती चालू राहिली, तर कोगनोळी, हत्तरगी किंवा हिरेबागेवाडीचा नाका चुकवण्यासाठी यंत्र गावरस्त्यांनी फिरवू शकते, आणि वाचलेल्या टोलापेक्षा जास्त इंधन जाते. पोहोचण्याच्या वेळेवरही ऊस गाळपाच्या हंगामात विसंबू नये, कारण दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे निपाणी ते चिक्कोडी किती वेळ लागेल, हे त्या यंत्राला कळणे शक्य नाही.

सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे ठरावीक रस्ता किंवा जागा आपण होऊन वर्ज्य करण्याची. काही यंत्रांत ती असते, काहींत नसते. दोन यंत्रांत निवड करायची झाली तर मी हिच्यावरून करीन. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांवर चिक्कोडी आणि निपाणी तालुक्यांत कमी उंचीचे बंधारावजा पूल आहेत. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सदलगा-बोरगाव या वाटांवरचे पूल जोराचा पाऊस लागला की पाण्याखाली जातात आणि पाणी उतरेपर्यंत तसेच राहतात. नकाशात ते बारा महिने उघडे असतात. त्यामुळे निपाणीहून इचलकरंजीकडे किंवा चिक्कोडीहून शिरोळ तालुक्याकडे जाणाऱ्या परक्या माणसाला यंत्र थेट पाण्यापर्यंत नेऊन सोडू शकते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत तर यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी फोनवरच्या नकाशात बंद रस्ता दिसण्याची शक्यता जास्त असते, कारण तेथे लोक आणि पोलीस माहिती भरत असतात. यंत्रात ती आपल्यालाच भरावी लागते.

त्यासाठी जून लागण्यापूर्वी एका संध्याकाळी यंत्र घेऊन बसावे, आपल्या नेहमीच्या वाटांवरचे असे पूल नकाशावर शोधावेत आणि एकेक वर्ज्य यादीत टाकावा. यादीची सोय नसेल, तर पुलाच्या दोन्ही बाजूंना आवडत्या ठिकाणांप्रमाणे खूण करून तिला ‘पाणी’ असे नाव द्यावे, म्हणजे मार्ग त्या खुणेवरून जाताना दिसला की लक्षात येते. दसऱ्यानंतर पाणी उतरले, पूल वाहतुकीला खुला झाल्याचे गावातून कळले, की ती नावे यादीतून काढून टाकावीत. नाहीतर हिवाळ्यातही यंत्र लांबचाच फेरा दाखवत राहते.